तांबड्या रक्तपेशी शरीरात कोठे आणि कशा तयार होतात?

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या शरीरात दर सेकंदाला २० लाखांहून अधिक तांबड्या रक्तपेशी तयार होतात आणि जवळपास तितक्याच नष्ट होतात. या पेशींची निर्मिती हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत होते. मात्र निर्मितीचा वेग मूत्रपिंडे ठरवतात, लोहाच्या पुरवठ्यावर यकृताचे नियंत्रण असते, आवश्यक जीवनसत्त्वे जठर व लहान आतड्यांमार्फत मिळतात आणि जीर्ण पेशींची विल्हेवाट मुख्यतः प्लीहेत लागते. यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी बिघाड झाला, तरी रुग्णाच्या अहवालात दिसणारा परिणाम एकच असतो, तो म्हणजे हिमोग्लोबिनचे घटलेले प्रमाण.

भारतात या विषयाला विशेष महत्त्व आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया, २५ टक्के पुरुष आणि सहा महिने ते पाच वर्षांखालील ६७.१ टक्के बालके रक्तक्षयाने, म्हणजे ॲनिमियाने, ग्रस्त आढळली. बोलीभाषेत ‘अंगात रक्त कमी आहे’ असे म्हटले जाते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र हा स्वतंत्र आजार नसून लक्षण आहे. त्यामागचे कारण समजण्यासाठी रक्तपेशी कोठे व कशा घडतात, हे आधी समजून घ्यावे लागते.

पेशीची रचना

तांबडी रक्तपेशी दोन्ही बाजूंनी खोलगट अशा चकतीसारखी असते. तिचा व्यास सात ते आठ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा सव्वाशेवा ते दीडशेवा भाग असतो. प्रौढ शरीरात अशा सुमारे २५ लाख कोटी पेशी असतात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे एक घन मिलिमीटर रक्तात, त्यांची संख्या साधारणतः ४० ते ५५ लाख असते. पुरुषांमध्ये हे प्रमाण स्त्रियांपेक्षा काहीसे अधिक असते.

परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते. ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकाही नसतात. त्यामुळे तिला विभाजन करता येत नाही आणि झालेली झीज फारशी भरून काढता येत नाही. या त्यागाच्या बदल्यात तिला हिमोग्लोबिनसाठी जागा मिळते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू सामावलेले असतात. हिमोग्लोबिनचा प्रत्येक रेणू चार प्रथिनसाखळ्यांचा बनलेला असून प्रत्येक साखळीत ‘हीम’ नावाचा घटक आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. फुप्फुसात याच लोहाला प्राणवायू चिकटतो आणि ऊतींपर्यंत पोहोचल्यावर सुटा होतो. केंद्रक नसल्याने पेशी लवचीक राहते आणि स्वतःच्या व्यासाहून अरुंद अशा केशवाहिन्यांतूनही वाकून पुढे सरकते. तिचे आयुष्य सरासरी १२० दिवसांचे असते.

गर्भापासून प्रौढत्वापर्यंत बदलणारे स्थान

रक्तनिर्मितीचे स्थान आयुष्यभर एकच राहत नाही. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाला जोडलेल्या पीतक कोशात पहिल्या रक्तपेशी दिसू लागतात. या आद्य पेशी आकाराने मोठ्या आणि केंद्रकयुक्त असतात. साधारण सहाव्या आठवड्यापासून हे कार्य यकृताकडे जाऊ लागते आणि गर्भावस्थेच्या मधल्या काळात यकृत हेच रक्तनिर्मितीचे प्रमुख केंद्र असते. प्लीहेचाही त्यात काही वाटा असतो. अस्थिमज्जेतील निर्मिती तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते आणि अखेरच्या तिमाहीत मज्जा मुख्य स्थान घेते.

जन्माच्या वेळी बाळाच्या जवळपास सर्व हाडांत रक्त तयार करणारी तांबडी मज्जा असते. वय वाढते तशी तिची जागा मेदयुक्त पिवळी मज्जा घेऊ लागते. हा बदल हातापायांच्या टोकांकडून धडाकडे सरकतो. वयाच्या २० ते २५ वर्षांपर्यंत तांबडी मज्जा मुख्यतः मणके, कटिभागाची हाडे, बरगड्या, उरोस्थी, कवटी आणि मांडी व दंडाच्या हाडांची वरची टोके एवढ्यापुरती मर्यादित होते. मज्जेची तपासणी करताना प्रौढांमध्ये कमरेच्या हाडाच्या मागील भागातून नमुना घेतला जातो, त्याचे कारण हेच आहे.

पिवळी मज्जा कायमची निष्क्रिय होत नाही. दीर्घकाळ रक्तस्राव होत असेल किंवा रक्तपेशी सतत नष्ट होत असतील, तर ती पुन्हा तांबड्या मज्जेत परिवर्तित होऊ शकते. गरज त्याहूनही वाढली, तर यकृत आणि प्लीहा आपले गर्भावस्थेतील जुने काम पुन्हा हाती घेतात. पुरेसे उपचार न मिळालेल्या थॅलेसेमियाच्या बालकांमध्ये यकृत व प्लीहा वाढलेली दिसते, गालांची आणि कपाळाची हाडे पुढे आलेली दिसतात. हाडांतील मज्जा मर्यादेबाहेर पसरल्याची ती खूण असते.

रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात, हे १८६८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट नॉयमन यांनी मांडले. त्याच सुमारास इटलीतील जुलिओ बिझोझेरो यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. हाडांतील मऊ पदार्थ रक्ताचा उगम असेल, ही कल्पना तत्कालीन अनेक वैद्यकतज्ज्ञांना पटली नव्हती.

मूलपेशीपासून रक्तपेशीपर्यंत

तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका (प्लेटलेट) या सर्वांचा उगम मज्जेतील रक्तजनक मूलपेशींतून होतो. मूलपेशीचे विभाजन झाल्यावर काही पेशी मूलपेशी म्हणूनच राहतात आणि साठा टिकवतात, तर काही विशिष्ट प्रकारच्या रक्तपेशी होण्याच्या मार्गाला लागतात. तांबड्या पेशींच्या मार्गावरील, सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येणारा पहिला टप्पा ‘प्रोएरिथ्रोब्लास्ट’ या नावाने ओळखला जातो.

ही मोठी, केंद्रकयुक्त पेशी चार-पाच वेळा विभाजित होते. प्रत्येक विभाजनागणिक पेशीचा आकार लहान होत जातो, केंद्रक आकसते आणि हिमोग्लोबिन वाढत जाते. रंगद्रव्यांच्या साह्याने पाहिल्यास सुरुवातीस निळसर दिसणारी पेशी हळूहळू गुलाबी होत जाते. अखेरच्या टप्प्यात पेशी आपले केंद्रकच बाहेर टाकते.

हे सारे भक्षक पेशींच्या सान्निध्यात घडते. मज्जेत एका मोठ्या भक्षक पेशीभोवती विकसित होणाऱ्या तांबड्या पेशींचा पुंजका जमलेला असतो. फ्रेंच रक्तविज्ञानतज्ज्ञ मार्सेल बेसी यांनी १९५८ मध्ये या रचनेचे वर्णन केले. मधली भक्षक पेशी भोवतालच्या पेशींच्या वाढीला हातभार लावते आणि त्यांनी टाकून दिलेली केंद्रके गिळून पचवते.

केंद्रक गेल्यानंतर उरलेल्या पेशीला ‘रेटिक्युलोसाइट’ म्हणतात. ती काही दिवस मज्जेत राहून रक्तप्रवाहात उतरते आणि एक-दोन दिवसांत परिपक्व होते. पहिल्या ओळखण्याजोग्या टप्प्यापासून येथवर साधारण एक आठवडा लागतो. निरोगी प्रौढाच्या रक्तात अशा नवजात पेशींचे प्रमाण सुमारे अर्धा ते दोन टक्के असते. मज्जा किती जोमाने काम करीत आहे, हे या एका आकड्यावरून कळते. म्हणून रक्तक्षयाच्या निदानात त्याला मोठे महत्त्व आहे.

निर्मितीचा आदेश मूत्रपिंडांकडून

मज्जेला किती पेशी तयार करायच्या हे कळते कसे, या प्रश्नाने शास्त्रज्ञांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले. १८९० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रांस्वा व्हियो यांनी पेरूमधील अँडीज पर्वतराजीत सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर मुक्काम केला असता त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशींची संख्या काही आठवड्यांतच लक्षणीय वाढल्याचे आढळले. १९०६ मध्ये पॅरिसमधील पॉल कार्नो आणि क्लोटिल्ड डिफ्लांद्र यांनी रक्तातून वाहणारा एखादा घटक मज्जेला चालना देत असावा, असे प्रतिपादन केले.

तो घटक म्हणजे ‘एरिथ्रोपॉयटिन’ हे संप्रेरक. १९५७ मध्ये अमेरिकेतील लिऑन जेकबसन, युजीन गोल्डवासर आणि सहकाऱ्यांनी त्याचा उगम मूत्रपिंडात असल्याचे दाखवून दिले. ते शुद्ध स्वरूपात मिळवण्यास आणखी वीस वर्षे लागली. जपानमधील डॉ. ताकाजी मियाके यांनी गंभीर रक्तक्षयाच्या रुग्णांचे सुमारे अडीच हजार लिटर मूत्र जमवले होते. त्यातून १९७७ मध्ये या संप्रेरकाचे अवघे काही मिलिग्रॅम वेगळे करता आले. पुढे त्याचे जनुक हाती आले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत कृत्रिमरीत्या तयार केलेल्या एरिथ्रोपॉयटिनला औषध म्हणून मान्यता मिळाली.

प्रौढांमध्ये सुमारे ९० टक्के एरिथ्रोपॉयटिन मूत्रपिंडांत आणि उर्वरित मुख्यतः यकृतात तयार होते. रक्तातील प्राणवायू घटला की मूत्रपिंडाच्या विशिष्ट पेशी ते अधिक प्रमाणात स्रवतात. एरवी मज्जेतील अनेक अपरिपक्व पेशी आपोआप नष्ट होत असतात. एरिथ्रोपॉयटिन त्यांना जगवते आणि पुढील विकासाला वाट देते. गंभीर रक्तक्षयात त्याची पातळी नेहमीच्या सुमारे हजारपट होऊ शकते, तर निरोगी मज्जा आपले उत्पादन सहा ते आठपट वाढवू शकते.

पेशींना प्राणवायूची पातळी कशी कळते, याचा उलगडा गेल्या शतकाच्या अखेरीस झाला. ‘हायपॉक्सिया इंड्यूसिबल फॅक्टर’ हे प्रथिन पेशीत सतत तयार होते आणि प्राणवायू पुरेसा असेल तर लगेच नष्ट केले जाते. प्राणवायू घटल्यावर ते टिकून राहते आणि एरिथ्रोपॉयटिनचे जनुक कार्यान्वित करते. या संशोधनासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना रक्तक्षय का होतो, याचे उत्तर यातच आहे. त्यांची मज्जा निरोगी असते, पण तिला आदेश मिळत नाही. अशा रुग्णांना एरिथ्रोपॉयटिनची इंजेक्शने दिली जातात. सहनशक्ती वाढवण्यासाठी काही खेळाडूंनी याच औषधाचा गैरवापर केल्याने क्रीडाक्षेत्रात त्यावर बंदी असून सिडनी येथील २००० च्या ऑलिंपिकमध्ये त्याची चाचणी प्रथमच करण्यात आली.

उंचीचा परिणाम

समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेहसारख्या ठिकाणी हवा विरळ असते. मैदानी प्रदेशातून तेथे गेलेल्या व्यक्तीच्या शरीरात काही तासांतच एरिथ्रोपॉयटिन वाढू लागते. नव्या पेशी तीन-चार दिवसांनी रक्तात दिसू लागतात. हिमोग्लोबिनमधील ठळक वाढीस मात्र काही आठवडे लागतात. त्यामुळे पर्वतावर पोहोचल्यावर सुरुवातीच्या दिवसांत शरीर मुख्यतः जलद श्वसन आणि हृदयाचे वाढलेले ठोके यांवर विसंबून असते.

पेशींची वाढ प्रमाणाबाहेर गेल्यास रक्त दाट होऊन वाहण्यास जड होते. पिढ्यान्‌पिढ्या उंचीवर राहणाऱ्या तिबेटी लोकांमध्ये ‘ईपीएएस-१’ या जनुकाचे विशिष्ट रूप आढळते. त्यामुळे तितक्याच उंचीवरही त्यांचे हिमोग्लोबिन फारसे वाढत नाही.

उंचावरील रहिवाशांमध्ये हिमोग्लोबिन अधिक असणे अपेक्षित असल्याने कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात रक्तक्षयाची मर्यादा उंचीनुसार सुधारून घेतली जाते. पाचव्या सर्वेक्षणात लडाखमधील ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त असल्याची नोंद आहे. हा आकडा वाचताना ही सुधारणा लक्षात ठेवणे आवश्यक ठरते.

लोहाचे अर्थशास्त्र

प्रौढ शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि त्यातील सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते. नव्या पेशींसाठी मज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. आहारातून मात्र दररोज केवळ एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषले जाते. उरलेली गरज जुन्या पेशींतील लोहाच्या पुनर्वापरातून भागते.

लोहाच्या या व्यवहारावर यकृतात तयार होणाऱ्या ‘हेप्सिडिन’ या संप्रेरकाचे नियंत्रण असते. शरीरात लोह पुरेसे असले की हेप्सिडिन वाढते आणि आतड्यांतील शोषण तसेच साठ्यातून होणारा पुरवठा रोखला जातो. लोह कमी पडले की ते घटते. दीर्घकालीन संसर्ग किंवा दाह असेल तरीही हेप्सिडिन वाढते. अशा रुग्णाच्या शरीरात लोहाचा साठा असूनही मज्जेला ते मिळत नाही. क्षयरोग, संधिवात यांसारख्या आजारांत आढळणारा रक्तक्षय बहुतांशी या प्रकारचा असतो.

शरीराकडे अतिरिक्त लोह बाहेर टाकण्याची नियमित व्यवस्था नाही, तसेच रक्तस्रावाने गेलेले लोह झटपट भरून काढण्याचीही नाही. त्यामुळे मासिक पाळीतील अतिस्राव, लागोपाठची बाळंतपणे, मूळव्याध, जठरव्रण किंवा आतड्यांतील आकडीकृमी यांमुळे लोहाची तूट हळूहळू वाढत जाते. गर्भारपणात एकूण सुमारे एक हजार मिलिग्रॅम अतिरिक्त लोहाची गरज असते. त्याच काळात रक्तद्रव तांबड्या पेशींपेक्षा अधिक प्रमाणात वाढत असल्याने हिमोग्लोबिन काहीसे विरळ होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने रक्तक्षयाची मर्यादा पुरुषांसाठी प्रति डेसिलिटर १३ ग्रॅम, गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी १२ ग्रॅम, तर गर्भवतींसाठी त्याहूनही कमी अशी निरनिराळी ठेवली आहे.

धान्ये, डाळी आणि पालेभाज्यांतील लोह मांसाहारातील लोहाच्या तुलनेत कमी शोषले जाते. जेवणासोबत लिंबू, आवळा, पेरू यांसारखे क जीवनसत्त्वयुक्त पदार्थ घेतल्यास हे शोषण वाढते, तर जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेल्या चहा-कॉफीमुळे ते घटते.

मुंबईतील संशोधन आणि फॉलिक आम्ल

लोहाइतकेच महत्त्व फोलेट आणि बी-१२ या जीवनसत्त्वांना आहे. पेशीविभाजनापूर्वी डीएनएची प्रत तयार करण्यासाठी ती आवश्यक असतात. त्यांचा अभाव असल्यास हिमोग्लोबिन तयार होत राहते, पण विभाजन रखडते. परिणामी मज्जेत अवाजवी मोठ्या आकाराच्या पेशी निर्माण होतात आणि त्यांतील अनेक तेथेच नष्ट होतात.

या विकाराच्या आकलनातील एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुसी विल्स १९२८ मध्ये भारतात आल्या. कापड गिरण्यांमधील गरोदर कामगार स्त्रियांत आढळणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. निकृष्ट आहार हे त्याचे कारण असावे, हे ताडून त्यांनी प्राण्यांवर व नंतर रुग्ण स्त्रियांवर यीस्टच्या अर्काचा प्रयोग केला आणि तो यशस्वी ठरला. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अर्कातील अज्ञात घटक ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे तो घटक म्हणजेच फोलेट असल्याचे निष्पन्न झाले. १९४० च्या दशकात अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. आज देशभर गर्भवतींना दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळीत फॉलिक आम्लही असते.

बी-१२ चे शोषण अधिक गुंतागुंतीचे आहे. जठरातून स्रवणारे एक प्रथिन त्याला बांधून घेते आणि लहान आतड्याच्या अखेरच्या भागात ते शोषले जाते. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या दूध, अंडी, मासे व मांस यांसारख्या प्राणिजन्य पदार्थांतच मिळते. यकृतातील त्याचा साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे अभाव उशिरा लक्षात येतो. फोलेटचा साठा मात्र चारेक महिन्यांतच संपतो. बी-१२ च्या अभावात केवळ फॉलिक आम्ल दिल्यास रक्ताचा अहवाल सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी आतून सुरूच राहू शकते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे ही तिची लक्षणे होत. म्हणून कारण न तपासता केलेला उपचार येथे घातक ठरू शकतो.

जीर्ण पेशींची विल्हेवाट

चार महिन्यांच्या प्रवासात तांबड्या पेशीचे आवरण कडक होत जाते. प्लीहेतील रक्तमार्गात केवळ एक-दोन मायक्रोमीटर रुंदीच्या फटी असतात. लवचीक पेशी त्यांतून पार होतात. ताठर झालेल्या पेशी अडकतात आणि भक्षक पेशी त्यांना गिळतात. यकृत व अस्थिमज्जेतील भक्षक पेशीही हे काम करतात.

हिमोग्लोबिनमधील प्रथिनांचे अमिनो आम्लांत विघटन होऊन त्यांचा पुन्हा वापर होतो. लोह ‘ट्रान्सफेरिन’ या वाहक प्रथिनाबरोबर मज्जेकडे परत जाते किंवा ‘फेरिटिन’च्या रूपात साठवले जाते. हीमच्या उर्वरित भागापासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बनते आणि यकृतामार्फत पित्तात जाते. पेशी अतिवेगाने फुटू लागल्यास हे द्रव्य रक्तात साचून डोळे पिवळे दिसतात. त्यामुळे कावीळ नेहमीच यकृताच्या आजाराची असते, असे नाही.

हिमोग्लोबिनमधील आनुवंशिक दोष

काही विकारांत मज्जा, लोह आणि संप्रेरक हे सारे ठीक असूनही हिमोग्लोबिनच्या रचनेतच दोष असतो. सिकलसेल आजारात बीटा साखळीतील एकच अमिनो आम्ल बदललेले असते. प्राणवायू सुटल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवते आणि पेशी विळ्याच्या आकाराची होते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून तीव्र वेदना निर्माण करतात आणि सरासरी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात. थॅलेसेमियात हिमोग्लोबिनची एखादी साखळी पुरेशी तयारच होत नाही.

गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर सुमारे सहा महिन्यांत त्याची जागा प्रौढ प्रकारचे हिमोग्लोबिन घेते. त्यामुळे सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमियाची लक्षणे सहसा बाळ काही महिन्यांचे झाल्यावरच दिसू लागतात. ‘हायड्रॉक्सियुरिया’ हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून सिकलसेलच्या रुग्णांना दिलासा देते. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या जनुकसंपादन उपचाराचे तत्त्वही हेच आहे. त्यात रुग्णाच्या मूलपेशींमध्ये बदल करून गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनची निर्मिती पुन्हा सुरू केली जाते.

महाराष्ट्रातील विदर्भ व नंदुरबारसह मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात आणि ओडिशातील आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत या आजाराचे सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून असलेले स्वरूप संपवणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. देशातील सुमारे तीन ते चार टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक असल्याचा अंदाज आहे. वाहक स्वतः सहसा निरोगी असतात. मात्र आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या सुरुवातीस रक्ततपासणी करून हा धोका ओळखता येतो.

निदान कसे होते

केवळ हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून बिघाडाचे ठिकाण कळत नाही. संपूर्ण रक्तगणनेतील पेशींचा सरासरी आकार ही पहिली दिशादर्शक खूण असते. लोहाच्या अभावात आणि थॅलेसेमियात पेशी लहान असतात. बी-१२ किंवा फोलेटच्या अभावात त्या मोठ्या होतात. मूत्रपिंडविकारात त्यांचा आकार बहुधा सामान्य राहतो. रेटिक्युलोसाइटचे प्रमाण कमी असल्यास निर्मितीत अडथळा असल्याचे सूचित होते. ते वाढलेले असल्यास मज्जा सक्षम असून पेशी रक्तस्रावाने जात आहेत किंवा अकाली नष्ट होत आहेत, असा अर्थ निघतो. फेरिटिनवरून लोहाच्या साठ्याचा अंदाज येतो, मात्र दाह असताना त्याचे प्रमाण वाढत असल्याने अहवालाचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. हिमोग्लोबिनमधील आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी स्वतंत्र चाचण्या आहेत. पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिकाही घटल्या असतील, तर मज्जेचीच तपासणी करण्याची गरज भासते.

२०१६ ते २०१८ या काळातील सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या आधारे १० ते १९ वर्षे वयोगटातील २८ टक्के मुलामुलींमध्ये रक्तक्षय आढळला. याच वयोगटात लोहाचा अभाव २२ टक्के, बी-१२ चा ३१ टक्के आणि फोलेटचा ३७ टक्के जणांमध्ये होता. रक्तक्षयाचा प्रश्न केवळ लोहापुरता मर्यादित नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब वापरला गेला होता. शिरेतील रक्ताची तपासणी अधिक विश्वसनीय मानली जात असल्याने दोन्ही सर्वेक्षणांच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

उपचार आणि रक्तदान

केंद्र सरकारच्या २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गर्भवतींना ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी रोज १८० दिवस दिली जाते. किशोरवयीनांना हीच मात्रा आठवड्यातून एकदा मिळते. जंतनाशक गोळ्यांचाही कार्यक्रमात समावेश आहे.

लोहाचा उपचार सुरू केल्यावर पाच ते दहा दिवसांत नव्या पेशींचे प्रमाण वाढते. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर साधारण दोन ग्रॅमने वाढणे अपेक्षित असते. आकडा सामान्य झाल्यावरही साठा भरून येण्यासाठी सहसा आणखी तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात. बरे वाटताच गोळ्या बंद केल्याने रक्तक्षय पुन्हा उद्भवतो. अपेक्षित वाढ न झाल्यास गोळ्यांचा कालावधी वाढवत न राहता मूळ कारणाचा शोध घेणे आवश्यक असते. थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या शरीरात वारंवार दिलेल्या रक्तामुळे आधीच अतिरिक्त लोह साचलेले असते. त्यांना वैद्यकीय सल्ल्याविना लोह देणे अपायकारक ठरते.

रक्तदात्याच्या शरीरात हीच यंत्रणा तुटीची भरपाई करते. रक्तद्रव एक-दोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशी पूर्ववत होण्यास चार ते आठ आठवडे लागतात आणि लोहाचा साठा भरण्यास त्याहूनही अधिक काळ जातो. या कारणास्तव भारतात पुरुषांसाठी दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर बंधनकारक असून दात्याचे हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर किमान १२.५ ग्रॅम असणे आवश्यक आहे.